चित्रकार हुआंग गोंगवांग : एका कारकुनाची जीवनकहाणी

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत आमचा एखादा लेख असतोच. आजवर आम्ही बहुतेक चळवळीतल्या माणसांवर लिहिलं. यंदा मात्र चीनमधल्या एका चित्रकारावर लिहायचं ठरवलं आहे. हा चित्रकार मरण पावल्याला साडेसहाशे वर्षांच्या वर झाली. तो बौद्धही नव्हता. मग विहाराच्या स्मरणिकेत त्याचं काय काम, असं कोणी विचारील. म्हणून आधी कारण सांगतो.

विहाराच्या भिंतीवर तथागतांच्या जीवनातले प्रसंग रंगवायचं काम चाललं होतं, तेव्हा वस्तीतली पोरं रोज संध्याकाळी बघायला जमत. निरंजना नदी आणि तिच्या पलीकडचे डोंगर रंगवून झाले होते, माणसं अजून यायची होती. एक मुलगी म्हणाली, आता माणसं काढूच नका, हे असंच छान दिसतंय. सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं. नुसते डोंगर आणि पाणी, एवढंच काढणारी माणसं जगात कुठे झाली असतील का? आम्ही सूतगिरणीत पाळी करणारे, शाळा सातवीतच सुटली, पुढचं जे काही शिक्षण ते वाचनालयात. तिथेच शोध घेतला. तेव्हा कळलं की चीनमध्ये चित्रकलेच्या या प्रकाराचं नावच मुळी डोंगर-पाणी असं आहे. आणि त्या डोंगर-पाण्यावर ज्यानं फार पूर्वी निबंध लिहिला, तो त्सोंग बिंग नावाचा बौद्ध उपासक होता. इसवी सन ३७५ ते ४४३ हा त्याचा काळ. लू पर्वतावरचे थोर भिक्खू हुईयुआन यांच्या संगतीत तो राहिला होता. आयुष्यभर डोंगर हिंडला, म्हातारपणी पाय चालेनात तेव्हा पाहिलेले डोंगर त्यानं घराच्या भिंतीवर काढले आणि पडल्या पडल्या त्यांतून फिरू लागला. तेव्हा धम्माचा आणि या चित्रांचा संबंध जुना आहे, ओढूनताणून आणलेला नाही.

आता आमच्या माणसाकडे येतो. त्यांचं नाव हुआंग गोंगवांग. जन्म १२६९ सालचा, दक्षिण चीनमधल्या छांगशू गावचा. त्यांचं जन्माचं आडनाव लू. घर गरिबीचं. लहानपणीच त्यांना हुआंग आडनावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे दत्तक दिलं. हे गृहस्थ नव्वदीला टेकलेले, त्यांना मूलबाळ नव्हतं. पोरगा घरात आला तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की त्यावरूनच पोराचं नाव पडलं. हुआंगबाबांनी मुलाची फार दिवस वाट पाहिली, अशा अर्थाचं ते नाव आहे. आपल्याकडे नवसानं झालेल्या पोराचं नाव ठेवतात, तसलाच प्रकार. पोरगा हुशार निघाला. पुस्तकं पाठ, गाणी रचायचा, संगीत कळायचं, हिशेबात पक्का.

पण हुशारीचा उपयोग काय? हे वय दहाचं असताना, १२७९ साली, दक्षिणेतलं सोंग घराण्याचं राज्य पार बुडालं आणि सगळा चीन मंगोलांच्या ताब्यात गेला. कुबलाई खानाचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं, तोच हा काळ. मंगोलांनी चीनमधल्या माणसांचे चार दर्जे पाडले. वर मंगोल. त्यांच्या खाली मध्य आशियातून, पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांच्या खाली उत्तर चीनमधले. आणि सगळ्यात तळाला दक्षिणेतले, ज्यांचं राज्य शेवटी जिंकलं ते. नोकरी, शिक्षा, हत्यार बाळगण्याची मुभा, सगळीकडे हा दर्जा आडवा यायचा. माणूस कुठे आणि कोणाच्या पोटी जन्मला यावर त्याची पायरी ठरायची. ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की तिथे त्याला धर्मग्रंथाचा आधार नव्हता, तलवारीचा होता, म्हणून ते शंभरेक वर्षांत मोडलं.

त्याआधी चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे. गरिबाचा पोरगाही अभ्यास करून वर जाऊ शकत असे, निदान कागदावर तरी. मंगोलांनी ती परीक्षाच बंद ठेवली. ती पुन्हा सुरू झाली १३१५ साली. तीसुद्धा अशी की चारही दर्जांना सारख्याच जागा. दक्षिणेतली माणसं संख्येनं सगळ्यात जास्त आणि शिकलेलीही जास्त, पण जागा तेवढ्याच जेवढ्या मूठभर मंगोलांना. वरवर बघता समान वाटप, आत बघाल तर उघड अन्याय. तर हुआंग यांच्या तरुणपणी परीक्षाच नव्हती. शिकलेल्या माणसाला उरली ती कारकुनी. त्यांनी सरकारी कचेरीत कारकून म्हणून खर्डेघाशी केली. चाळिशी अशीच गेली.

त्यांच्यावरचा वरिष्ठ होता झांग ल्यू नावाचा बडा अधिकारी. १३१४ च्या सुमारास सरकारनं दक्षिणेत जमिनीची नव्यानं मोजणी काढली. लपवलेली जमीन उघडकीस आणून सारा वाढवायचा, हा हेतू. वर आकडे जास्त दाखवायचे म्हणून खालच्या लोकांनी जो धुमाकूळ घातला तो चीनच्या इतिहासात नोंदलेला आहे. शिनफंग नावाच्या एका तालुक्यात १९०० घरं पाडली, थडगी सपाट केली, हाडं उधळली आणि ती सगळी जागा लागवडीची म्हणून वहीत चढवली. लोक उठले. १३१५ साली त्याच मुलखात मोठं बंड झालं. ते सैन्य घालून मोडलं, पण सरकारला मोजणीही थांबवावी लागली. मग कोणाला तरी धरायचं म्हणून चौकशा सुरू झाल्या. झांग ल्यू अडकला आणि त्याच्याबरोबर त्याचा कारकूनही आत गेला. हुआंग गोंगवांग तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते.

ते दोषी होते का? आम्ही यावर बराच विचार केला. सारावसुलीच्या कागदावर त्यांच्या हातचं अक्षर असणार, यात संशय नाही. पण त्यांना ओळखणाऱ्या जमान्यातल्याच एका लेखकाच्या नोंदीत वेगळंच आहे. तिच्यानुसार जमिनीच्या मोजणीच्या प्रश्नावर त्यांनी आपलं मत मांडलं आणि ते खरं ठरलं, पुढे राजधानीत बड्या धेंडांनी डाव धरून त्यांना खाली खेचलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. साहेब खातो आणि कारकून भरतो, हे काही चीनमध्येच घडत नाही. आम्ही स्वतः एका ठिकाणी युनियनचं काम करताना हजेरीच्या वहीवरून खालच्या माणसाचा बळी जाताना पाहिलेला आहे. सही वरच्याची, निलंबन खालच्याचं. म्हणून आमचा कल त्या जुन्या नोंदीकडे आहे, हे मोकळेपणानं सांगतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या १३१५ साली परीक्षा पुन्हा सुरू झाली, त्याच साली हा माणूस गजाआड होता. त्यांचा जिवलग मित्र यांग त्साय त्याच वर्षी परीक्षा पास होऊन अधिकारी झाला. पण मित्रानं दोस्ती सोडली नाही. तुरुंगातून हुआंग यांनी कविता पाठवली, त्याला यांग त्साय यानं कवितेनंच उत्तर दिलं.

सुटून आले तेव्हा सरकारी नोकरीचा रस्ता कायमचा बंद झालेला. वय पन्नाशीला आलेलं. पोटासाठी त्यांनी काय केलं, तर लोकांना भविष्य सांगायला लागले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हा माणसांना हे पटण्यासारखं नाही. पण झाकूनही ठेवत नाही. उपाशी माणसानं चोरी केली नाही, कोणाच्या दारात लाचारी केली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. पुढे १३२९ च्या सुमारास त्यांनी ताओ धर्मातल्या छ्वानजन पंथाची दीक्षा घेतली. हा पंथ तीन धर्म एकत्र मानणारा. ताओंची पुस्तकं, कन्फ्यूशियसच्या परंपरेतलं आईवडिलांच्या सेवेचं पुस्तक आणि आपलं प्रज्ञापारमिता हृदय सूत्र, तिन्ही वाचा, असं त्या पंथाच्या संस्थापकाचं सांगणं होतं. सुझोऊ शहरात हुआंग यांनी तीन धर्मांचं एक सभागृह काढलं. तिथे ते शिकवायचे आणि तिन्ही धर्मांची माणसं येऊन बसायची. स्वतःला त्यांनी नवं नाव घेतलं, दाछी. त्याचा अर्थ महामूर्ख. शहाण्यांच्या कचेरीत अर्धं आयुष्य घालवून तुरुंग पाहिलेल्या माणसानं हे नाव घेतलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

चित्रकलेकडे ते गंभीरपणे वळले ते पन्नाशीच्या आसपास. आपल्याकडे पन्नाशी आली की माणूस निवृत्तीचे आणि पोराच्या लग्नाचे हिशेब मांडायला लागतो. यांनी कुंचला धरला. झाओ मेंगफू हा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला चित्रकार, त्याला काम करताना त्यांनी पाहिलं होतं. त्याच्या एका हस्तलिखितावर हुआंग यांनी स्वतःची ओळख त्याच्या घरचा लहान विद्यार्थी अशी लिहून ठेवली. लिहिलं तेव्हा स्वतः म्हातारे होते.

खरे गुरू मात्र तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे, म्हणजे चित्रांतूनच भेटलेले. एक दोंग युआन आणि दुसरा त्याचा अनुयायी जूरान. हा जूरान बौद्ध भिक्खू होता. नानजिंगच्या विहारात राहायचा. ९७५ साली तिथलं राज्य बुडालं तेव्हा हरलेल्या राजाच्या मागोमाग तो कायफंग राजधानीत गेला आणि तिथल्या विहारात राहून डोंगर काढत राहिला. दक्षिणेतले डोंगर मातीचे, गोलसर, धुक्यानं ओले. उत्तरेसारखे उभे कडे तिथे नाहीत. ते दाखवायला या दोघांनी एक रेघ वापरली, लांब, सैल, जराशी लवलेली, एकीवर एक येणारी. तिला चिनी लोक तागाच्या तंतूची रेघ म्हणतात. ताग किंवा अंबाडी सोलून वाळत टाकली की तिचे तंतू कसे एकमेकांवर पडतात, तशी. आमचा जन्म सुतात गेला, त्यामुळे बाकीचं कळायला वेळ लागला, हे मात्र लगेच डोळ्यापुढे आलं. कापसाचा पेळू ओढला जातो तेव्हा तंतू असेच एका दिशेला लवतात. हुआंग यांचे डोंगर हे अशा तंतूंनी विणलेले डोंगर आहेत.

त्यांचं साहित्य किती साधं होतं ते सांगतो. काजळी आणि सरस एकत्र करून केलेली शाईची वडी. ती सहाणेवर चंदन उगाळावं तशी दगडावर पाण्यात उगाळायची. पाणी जास्त घातलं की फिकी, कमी घातलं की गडद. एक कुंचला आणि कागद. बस्स. कधी कधी ते गेरूसारख्या तांबूस रंगाचा हलका हात द्यायचे, तेवढाच रंग. रेशमी कापडावर न काढता ते बहुतेक कागदावरच काढत, कारण कागदावर कोरडा कुंचला खरडत गेला की डोंगराचा खरबरीतपणा आपोआप उमटतो. आधी फिकी शाई, ती वाळली की तिच्यावर जरा गडद, मग आणखी गडद ठिपके. एकदा काढलेलं पुसता येत नाही.

त्यांनी डोंगर-पाणी कसं काढावं यावर लहानशी टिपणंही करून ठेवली. ती १३६६ च्या सुमाराच्या एका ग्रंथात आलेली असल्यामुळे टिकली. त्यांत शिष्यांना सांगितलेल्या गोष्टी कामगाराला समजतील अशा आहेत. फिरायला जाताना कातडी पिशवीत कुंचला ठेवायचा आणि चमत्कारिक झाड दिसलं की तिथल्या तिथे काढून घ्यायचं. दगड काढताना त्याची एकच बाजू काढायची नाही, तीन बाजू दिसल्या पाहिजेत.  आणि चित्रात चार दोष येऊ द्यायचे नाहीत. वाकडेपणा, गोडगोडपणा, सवंगपणा आणि दुसऱ्याच्या जिवावर उभं राहणं. हे चार दोष आम्ही वाचले तेव्हा आम्हाला चित्रं नाही, आपल्याकडच्या काही सभा आठवल्या. असो.

त्यांच्याबद्दल आख्यायिका पुष्कळ आहेत. दिवसदिवस ओसाड डोंगरात, बांबूच्या बनात एकटेच बसून राहायचे, लोकांना वाटे वेड लागलं. नदी समुद्राला मिळते तिथे वादळात लाटा बघत उभे राहायचे, पाऊस आला तरी हलायचे नाहीत. चांदण्या रात्री होडीतून निघायचे, दारूचा बुधला दोरीला बांधून पाण्यात सोडलेला, एकदा ओढायला गेले तर दोरी तुटलेली, त्यावर टाळ्या पिटून हसत सुटले. पाचवं शील काही त्यांनी घेतलेलं नव्हतं, त्यामुळे आम्ही गप्प बसतो. या गोष्टी मागाहूनच्या लोकांनी लिहिलेल्या, तिखटमीठ असणारच.

म्हातारपणी ते हांगझोऊच्या नैऋत्येला फूछुन नदीच्या काठी राहिले. १३४७ साली वुयोंग नावाचा त्यांच्याच पंथातला धाकटा सोबती त्यांच्याबरोबर होता. तिथे त्यांनी एक लांब गुंडाळी काढायला घेतली. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हेच त्यांचं जगप्रसिद्ध चित्र, फूछुन पर्वतातला निवास.

ही आडवी गुंडाळी म्हणजे काय, ते आधी समजून घेतलं पाहिजे. ती भिंतीवर टांगायची नसते. टांगायची ती उभी, वेगळी. आडवी गुंडाळी टेबलावर ठेवून उजवीकडून डावीकडे उलगडायची. डाव्या हातानं सोडायची, उजव्या हातानं गुंडाळत जायची. एका वेळी दोन हातांत मावेल एवढंच दिसतं. मागचा डोंगर गुंडाळला गेला, पुढचा अजून यायचा आहे. म्हणजे आपण चित्र बघत नाही, चित्रातून चालत असतो. किती वेगानं चालायचं ते बघणाऱ्यानं ठरवायचं. दोघे-तिघेच एकत्र बघू शकतात. आम्हाला हे कापडाच्या ताक्यासारखं वाटलं, पण ताक्याचा पहिला वार आणि शेवटचा वार सारखाच असतो. इथे तसं नाही.

या गुंडाळीचा जो मोठा भाग आज शिल्लक आहे तो ३३ सेंटिमीटर उंच आणि ६ मीटर ३७ सेंटिमीटर लांब आहे. कागदाचे सहा ताव जोडलेले. आम्ही आपल्या विहाराच्या सभागृहात सूत ताणून मोजून पाहिलं, साधारण २१ फूट भरतं. उंची मात्र फूटभरच. एवढ्याशा पट्टीत एक अख्खी नदी मावली आहे. डोंगर चढत येतात, उतरतात, मग सपाट काठ येतो, पाणी येतं. पाणी म्हणजे काय, तर कोरा कागद. तिथे काहीच काढलेलं नाही आणि तरी ते पाणीच दिसतं. पाइनची झाडं, चार-दोन घरं, लहानसा पूल, होडीत बसलेला कोळी. माणसं आहेत, पण मुंगीएवढी. राजा नाही, सरदार नाही, दरबार नाही. शेवटी शेवटी एक सुळका एकटाच उभा राहतो आणि पुढे सगळं फिकं होत विरून जातं. आम्ही मूळ चित्र पाहिलेलं नाही, वाचनालयातल्या पुस्तकाची घडीची पानं उलगडून पाहिलं. तरी त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या पाळीला जायला आम्हाला उशीर झाला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

हे चित्र त्यांनी एका बैठकीत केलं नाही. मन झालं की थोडं काढायचं, मग गुंडाळी डोंगरात ठेवून फिरायला निघून जायचं. तीन-चार वर्षं झाली तरी पुरं होईना. वुयोंगला धास्ती पडली की कोणी तरी गोड बोलून किंवा दांडगाईनं हे लांबवणार. त्यानं मागे लागून चित्र पुरं व्हायच्या आधीच त्यावर मालकाचं नाव लिहून घेतलं. १३५० साली हुआंग यांनी शेवटाला हा सगळा प्रकार स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे, त्यामुळे आपल्याला तो ठाऊक. पुढच्याच वर्षी, १३५१ मध्ये, लाल फेटेवाल्यांचं बंड पेटलं. पिवळ्या नदीच्या बांधावर वेठीला धरलेली माणसं, दुष्काळातली माणसं त्यात होती, आणि मैत्रेय बुद्ध येणार ही आशा त्यांना एकत्र धरून होती. त्याच धामधुमीत १३५४ साली हुआंग गोंगवांग वारले. वय पंच्याऐंशी. चौदा वर्षांनी, १३६८ मध्ये, मंगोलांचं राज्य गेलं आणि त्याबरोबर ते चार दर्जेही गेले.

माणूस गेला, पण वुयोंगची भीती खरी ठरली. सव्वाशे वर्षांनी ही गुंडाळी शेन झोऊ नावाच्या मोठ्या चित्रकाराकडे आली. त्यानं ती कोणाकडे तरी चार ओळी लिहून घ्यायला दिली, तर त्या माणसाच्या मुलानं ती दाबून ठेवली आणि विकायला काढली. शेन झोऊला ती बाजारात दिसली, पण विकत घ्यायला पैसे नव्हते. हा सज्जन माणूस भांडलाही नाही. घरी जाऊन १४८७ साली त्यानं आठवणीतून ते अख्खं चित्र पुन्हा काढलं. एवढी आठवण! पुढे १५९६ साली ती दोंग छीछांग या अधिकारी-चित्रकाराकडे आली आणि त्याच्याकडून वू घराण्याकडे गेली.

या वू घराण्यातला होंगयू नावाचा गृहस्थ चित्राच्या पार आहारी गेलेला. १६५० साली तो मरणाला टेकला. आपल्यामागे हे चित्र दुसऱ्याच्या हाती जाईल, हे त्याला सहन होईना. म्हणून त्यानं ते आपल्या डोळ्यांदेखत जाळायला लावलं. आदल्या दिवशी झीयोंग या बौद्ध भिक्खूच्या हातची एक जुनी अक्षरगुंडाळी त्यानं अशीच जाळून खाक केली होती. दुसऱ्या दिवशी फूछुनची पाळी. गुंडाळी विस्तवात टाकली, तो वळला, तेवढ्यात त्याच्या पुतण्यानं दुसरीच एक गुंडाळी आत फेकली आणि ही बाहेर ओढली. तृष्णा या शब्दावर आपण विहारात किती प्रवचनं ऐकली. पण वस्तूवरच्या प्रेमानं माणूस ती वस्तूच जाळायला निघतो, हे इतकं उघडं आम्ही दुसरीकडे वाचलं नाही.

गुंडाळी असल्यामुळे आग बाहेरून आत गेली. बाहेरचा वळसा म्हणजे चित्राची सुरुवात, ती जळाली. आतल्या वळशांना ठरावीक अंतरावर भोकं पडली. ताक्याला ठिणगी लागली की उलगडल्यावर जशी ओळीनं भोकं दिसतात, तशीच. ती बुजवलेली आजही ओळखू येतात. चित्राचे दोन तुकडे झाले. सुरुवातीचा ५१ सेंटिमीटरचा तुकडा वेगळा काढला, त्याला पुढे उरलेला डोंगर असं नाव पडलं. मोठा भाग वुयोंगच्या नावानं ओळखला जातो.

मोठ्या भागाची पुढची गंमत ऐकण्यासारखी आहे. १७४५ साली सम्राट छ्यानलोंग याच्याकडे फूछुनची एक नक्कल आली. त्यानं ती अस्सल मानली आणि आयुष्यभर तिच्यावर कविता आणि शेरे लिहीत सुटला. पन्नासाहून जास्त शेरे. कोरा कागद म्हणून जे पाणी होतं, जे आकाश होतं, ते सगळं सम्राटाच्या अक्षरांनी भरून गेलं. पुढच्याच वर्षी अस्सल गुंडाळी त्याच्यापुढे आली. पण सम्राट एकदा बोलला ते बोलला. त्यानं अस्सलला नक्कल ठरवलं आणि तसं दरबाऱ्याकडून तिच्यावर लिहूनही घेतलं. दरबारी काय बोलणार? त्यामुळे झालं असं की अस्सल चित्र सम्राटाच्या हस्ताक्षरांपासून वाचलं. विसाव्या शतकात अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवून तपासली तेव्हा सम्राटाची चूक बाहेर आली.

१९३३ साली जपानी सैन्य जवळ आलं तेव्हा राजवाड्यातला संग्रह पेट्यांत भरून बीजिंगबाहेर काढला. युद्धाची वर्षं तो देशभर फिरत राहिला आणि १९४८-४९ च्या सुमारास त्यातला निवडक भाग तैवानला नेला. वुयोंगची गुंडाळी आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. लहान तुकडा १९३८ मध्ये शांघायचा चित्रकार वू हुफान याला मिळाला. त्यासाठी त्यानं घरातलं एक प्राचीन कांस्यपात्र देऊन टाकलं. १९५६ साली तो तुकडा हांगझोऊच्या झेज्यांग प्रांतीय संग्रहालयात गेला. म्हणजे एकाच डोंगराचा एक भाग खाडीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, आणि मध्ये एकमेकांना न मानणारी दोन सरकारं.

२०११ च्या जूनमध्ये हांगझोऊचा तुकडा तैपेईला पाठवला आणि ३६१ वर्षांनी दोन्ही भाग एका काचेच्या पेटीत शेजारी शेजारी मांडले. बघायला रांगा लागल्या. दोहोंच्या मध्ये थोडी जागा मोकळी ठेवावी लागली, कारण जळून गेलेला भाग काही परत येत नाही. दोनेक महिन्यांनी लहान तुकडा पुन्हा पेटीत घालून हांगझोऊला रवाना केला.